आवाज उशिरा पोचला तेव्हा

बुधवार, ५ नोव्हेंबर

मोनिका मॅडम म्हणाल्या, "बाबांच्या प्रगतीचं मी लिहिते. तुम्ही स्वतःचं लिहीत जा. घरातल्या माणसांचं फार तुंबून राहतं." म्हणून ही वही. माझं काही तुंबलंय असं मला वाटत नाही, पण मॅडमना नाही म्हणवेना.

तर मी तृप्ती. नोकरी नागपूरच्या एका छोट्या कंपनीत, राहणं आंधळगावात, काम बाबांच्या मागाच्या खोलीत. मागावर अर्धा विणलेला कोसा, आमच्याकडचं रेशीम, तसाच ताणून आहे आणि त्याला लागून माझं टेबल. गेल्या वर्षी होळीनंतर बाबांना झटका आला. उजवा हात बराचसा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळंच. समजतं त्यांना सगळं, शब्दच सापडत नाहीत. 'पाणी' म्हणायचं असतं, ओठ हलतात, डोळे इकडेतिकडे शोधतात आणि निघतं 'ते... ते...'. बाबा, भय्याजी कोसेवाले, म्हणजे व्यापाऱ्याला भावात एक शब्द बोलू न देणारा माणूस. त्यांचं हे झालं.

मी पुण्याहून आले ती महिन्याभरासाठी. मग बाबांचे वाचोपचार सुरू झाले, मोबाइलवरच. तिकडे नागपुरात मोनिका मॅडम, इकडे गावोगावचे असे पेशंट. आधी बाबा तिथले पेशंट झाले, मग मी तिथली नोकर. हे आवाज आणि चेहरे ज्या सर्व्हरवरून जातात-येतात ते धडधाकट ठेवणं माझं काम. सर्व्हर आमच्या मालकीचे नाहीत. मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर भाड्यानं घेतलेली जागा आहे, आमच्यासारखे अनेक भाडेकरू एकेका यंत्रावर. त्यालाच लोक क्लाउड म्हणतात. आई विचारते, ढगात ठेवलेलं पावसात भिजत नाही का. तिला माहीत असतं, तरी विचारते.

आई दसऱ्यापासून तुमसरला मावशीकडे आहे. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात मी आणि बाबा. बाबांची सेशनं मंगळवारी आणि शुक्रवारी. मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जातात, डाव्या हातानं दार लोटून घेतात. काल बाहेर आले आणि मला म्हणाले, "झालं." एवढंच, पण अगदी पूर्वीसारखं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज दोन गोष्टी. चांगली आधी.

सेशननंतर मी चहा दिला. बाबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, बराच वेळ कपाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "चहा... कडू आहे." पूर्ण वाक्य! मी मागाच्या खोलीत जाऊन रडले आणि परत येऊन साखर घातली.

दुसरी गोष्ट सकाळचीच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे तिच्या अगदी आतल्या गाभ्यात, एक भोक सापडल्याची सूचना आली. एकाच यंत्रावर शेजारी-शेजारी राहणाऱ्या भाडेकरूंमधली भिंत तशी धड आहे, पण प्रोसेसर घाईघाईनं पुढचं काम आधीच करून ठेवतो आणि त्याच्या खाणाखुणा मागे उरतात. शेजारचा कोणी डोकेबाज असला तर त्या खुणांवरून आमच्या मेमरीतलं थोडं थोडं वाचू शकतो. मोठ्या कंपनीनं त्यांच्या बाजूची दुरुस्ती केली. आमच्या बाजूची आम्हालाच करायची आहे.

आमच्या मेमरीत काय असतं? लोकांचे आवाज. अडखळणं, रडणं, घरात न बोललेलं सगळं.

कैलाश सर (कंपनी त्यांची) म्हणाले रविवारी करून टाका, त्या दिवशी सेशनं नसतात. भुपेंद्र आणि मी करू. भुपेंद्र माझ्याबरोबरच काम करतो. घर तुमसरला, आठवडाभर नागपुरात. माणूस चांगला, पण बोलायला फार वेळ घेतो. आज फोन ठेवताना म्हणाला, "तृप्ती, एक गोष्ट..." मी म्हटलं, "बॅकअप ना? घेतलाय." तो म्हणाला, "हो. तेच."

रविवार, ९ नोव्हेंबर

पॅच, म्हणजे ती दुरुस्ती, बसला. सगळे सर्व्हर एकेक करून बंद केले, सुरू केले, तपासले. काही मोडलं नाही. भिंतीतलं भोक बुजलं. मी खूश.

दुपारी आई आली. भुपेंद्रनं मोटरसायकलवर सोडलं, मावशीच्या घराजवळच त्याचं घर. म्हणाला, नागपूरला जाताना आंधळगाव वाटेतच आहे. वाटेत अजिबात नाही. पण आईसमोर वाद घातला नाही. चहा प्यायला, मागाकडे पाहत उभा राहिला, मग गेला.

आईनं आल्या आल्या बाबांचा सदरा बदलला, नखं कापली, पोळी कुस्करून दुधात घातली. बाबा काही म्हणायला लागले, "मा... मा..." आई म्हणाली, "मावशी ना? बरी हाय. चालून राहिली." बाबांनी मान हलवली.

घर भरल्यासारखं वाटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

वाईट दिवस.

सकाळपासून तक्रारी. आवाज उशिरा पोचतो. मॅडम प्रश्न विचारतात तो पेशंटला थांबून ऐकू जातो, पेशंटचं उत्तर मॅडमना आणखी थांबून. तुम्हाआम्हाला हा उशीर चालून जातो. पण ज्याला एक शब्द शोधायला जिवाचं रान करावं लागतं, तो शब्द बोलून समोरच्या चेहऱ्याकडे बघतो. चेहरा ढिम्म हलत नाही, आणि त्याला वाटतं, आपण चुकलो.

बाबांच्या सेशनला आज आई शेजारी बसली. "इतके दिवस मी नव्हती, आता मले पाहू दे." मॅडमनी कपबशीचा फोटो दाखवला. बाबांचे ओठ हलले. आई म्हणाली, "कप म्हणत आहेत, मॅडम." मग चष्मा. "चष्मा हाय तो. रोज लावतेत ना हे." मॅडम म्हणाल्या, भय्याजींना बोलू द्या. तेही उशिराच पोचलं, तोवर आईनं पुढचं सांगून टाकलं होतं.

बाबा संपूर्ण सेशनभर एक शब्द बोलले नाहीत. शुक्रवारी पूर्ण वाक्य बोललेला माणूस! मधे फक्त एकच गोष्ट बदलली, आणि ती माझ्या हातानं बदललेली आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दिवसभर मोजमाप. कारण सापडलं. आता कर्नेलच्या दारातून काहीही आत-बाहेर गेलं की ते दर वेळी आधी मागच्या खुणा पुसतं, मग पुढे जाऊ देतं. एरवी ते जाणवलंही नसतं. पण आवाज म्हणजे बारीक बारीक पुड्या, एका सेकंदात ढीगभर, आणि प्रत्येक पुडी एकटीनं दार ओलांडते. त्यात त्याच यंत्रावर सेशनांची रेकॉर्डिंगं दाबून लहान करण्याचं काम चालतं. मॅडम ती मागाहून ऐकतात, महिन्यापूर्वीचं आजच्याशी ताडून बघतात. सगळी गर्दी एकाच दाराशी.

कैलाश सर म्हणाले, "ती खुणा पुसण्याची भानगड बंद करता येते ना?"

येते. सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहायची, बस.

"मग करून टाक. आपल्यासारख्या छोट्या कंपनीवर कोण पाळत ठेवून राहिलं? अन् पेशंटच निघून गेले तर सुरक्षित ठेवशील कोणाले?"

ते चुकीचं बोलत नव्हते, हा त्रास आहे. मी म्हटलं, बंद करायचं असेल तर प्रत्येक पेशंटला सांगू, की भिंतीत भोक आहे, आम्हाला माहीत आहे आणि आम्ही ते उघडं ठेवतोय. चालेल का विचारू.  सर म्हणाले, "रविवारपर्यंत दुसरा मार्ग काढ. नाही निघाला तर बंद."

संध्याकाळी आई मागाच्या खोलीत आली. "तृप्ती, मी तिकडे होती तेव्हा हे बोलून राहिले होते म्हणते तू. तो आवाज तुझ्या मशिनीत असंन ना?"

"आहे."

"मले ऐकव ना."

माझ्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत. दोन ओळी लिहिल्या की बाबांचा आवाज या खोलीत आला असता. मी म्हटलं, "आई, ते मॅडमशी बोललेत. आपल्याशी नाही." तिला लागलं. "मी का परकी हाय?" म्हणून गेली. मीसुद्धा ते कधी ऐकलेलं नाही हे सांगायचं राहून गेलं.

तिला 'कर्नेल' म्हणजे फौजेतला कोणी साहेब वाटतो. भाकरी वाढताना म्हणाली, "त्या कर्नलले सांग, माणसं बिमार आहेत, जरा लवकर दार उघड."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आजही बाबा गप्प. आई शेजारी, मॅडमना सगळं समजावून सांगत.

बालदिनाचे नाच चाललेत शाळेत, आवाज इथवर येतो.

मॅडमनी सांगितलं, लाखांदूरकडचा एक पेशंट मंगळवारी सेशन अर्ध्यावर सोडून उठला. आज आलाच नाही. फोन केला तर घरच्यांनी उचलला नाही. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुपारी मी ती ओळ लिहिली. खरंच लिहिली. फक्त सर्व्हर पुन्हा सुरू करायचा बाकी होता. बाजूच्या खोलीत आई बाबांना विचारत होती, "भात पायजे? का पोळी? भातच देते." आणि बाबांचा काहीच आवाज नाही. मला वाटलं, कोण कुठला शेजारी भिंतीला कान लावून बसलाय, माझ्या बापाचे शब्द मात्र आत्ता जातायत.

मग बाबा दार लोटून घ्यायचे ते आठवलं. एवढं तरी त्यांच्या हातात होतं. मी ओळ खोडली.

भुपेंद्रला फोन करून हे सगळं सांगितलं. तो तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "तुला मूर्खपणा वाटतोय ना, माहीत आहे." तो म्हणाला, "नाही. मला वाटून राहिलं होतं की तू..." तेवढ्यात सरांचा फोन आला आणि राहिलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

मार्ग निघाला! रेकॉर्डिंगांना वेगळं यंत्र दिलं. सरांनी खर्चाला कुरकुर केली पण दिलं. ती तिथे हवी तेवढी हळू होऊ देत, मॅडम ती दुसऱ्या दिवशीच ऐकतात. आणि आवाजाच्या पुड्या आता एकेकट्या दार ओलांडत नाहीत. मूठभर गोळा होतात आणि एका खेपेत जातात. खुणा पुसणं तसंच चालू, फक्त खेपा कमी. मुठीसाठी थांबण्यात वेळ जातो, पण तो कानाला कळत नाही.

आज दिवसभर भुपेंद्र आणि मी एकमेकांना फोन लावून तपासत होतो. कोणीतरी सतत बोलावं लागतं, म्हणून तो तुमसर रोड स्टेशनवरच्या रेल्वेगाड्यांची नावं वाचत होता. वाचायला दिलं की अजिबात अडत नाही. मी वर्तमानपत्रातले धानाचे भाव वाचले. शेवटी मी विचारलं, "माझा आवाज कसा येतोय?"

तो म्हणाला, "दिवसभर ऐकू शकतो."

म्हणजे लाइन स्थिर आहे. उशीर जवळपास पॅचच्या आधीइतकाच. सरांना कळवलं. पॅच राहिला, वेगही आला.

आईनं शेवयांची खीर केली. मंगळवारी बाबा बोलतील.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सगळ्यांची सेशनं चांगली झाली. एकही तक्रार नाही. मॅडम म्हणाल्या, आवाज अगदी समोर बसल्यासारखा.

बाबा बोलले नाहीत.

मी त्या वेळचे सगळे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. आमच्या घरापासून मुंबईपर्यंत कुठेही अडथळा नाही. मॅडम विचारत होत्या, उत्तर यायचं ते आईचं, आणि बाबा खिडकीतून बाहेर बघत.

नंतर मॅडमनी मला फोन केला. "घरी काही बदललं का गेल्या पंधरवड्यात?" मी विचार करून सांगितलं, नाही, काहीच नाही. उलट आई परत आलीय, त्यांची देखभाल जास्त चांगली होतेय. मॅडम 'हं' म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शुक्रवारी मी थोडं वेगळं करून बघते."

मला भीती वाटतेय. कदाचित उशिराच्या त्या आठवड्यानं बाबांचं जे गेलं ते गेलंच असेल. ते काही सर्व्हरसारखे पुन्हा सुरू करता येत नाहीत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आई शेजारी हळदीला गेली होती. मी चहा केला. बाबा घोट घेऊन म्हणाले, "कडू."

मी म्हटलं, "बाबा! बोललात!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच इतके दिवस गप्प होते. बहुतेक वेग सुधारल्याचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागत असावेत. मॅडमना विचारते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं.

मॅडमनी आज फोटो दाखवले नाहीत. म्हणाल्या, "भय्याजी, आज मी काही विचारणार नाही. तुम्हाला जे सांगायचं ते सांगा. मी इथेच आहे." आणि खरंच गप्प बसल्या. मला आधी वाटलं पुन्हा लाइन अडकली. मी मागाच्या खोलीतून धावत येऊन दारात उभी राहिले. पडद्यावर मॅडम पापण्या मिटत-उघडत होत्या. लाइन ठीक होती.

बाबांचे ओठ हलायला लागले. आई म्हणाली, "त्यायचा हात दुखून राहिला, मॅडम, तेच सांगत असतीन—"

बाबांनी डावा हात उचलून आईच्या मनगटावर ठेवला. घट्ट. म्हणाले, "थांब."

आई थांबली.

"थांब. मले... मले..." किती वेळ गेला कोण जाणे. मी दाराची चौकट धरून होते. "मले बोलू दे."

 आई उठली, माझ्या बाजूनं गेली, चुलीपाशी जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले. रागावली असेल वाटलं. ती रागावली नव्हती. गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

"तुले माहीत हाय का," ती म्हणाली, "दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टर आला, यायले विचारलं नाव काय. यायले सांगता नाही आलं. तो डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणते, यांना काही समजत नाही का. माझ्या नवऱ्याले म्हणते! तवापासून मी कोणाले तसा मोकाच देत नाही. कोणी विचारलं का मी सांगून देते. मंग कोणाले वाटत नाही का यायले काही समजत नाही."

 इतके दिवस मी मुंबईच्या यंत्रात कारण शोधत होते. आई आली तो दिवस आणि पॅच बसला तो दिवस, एकच रविवार. आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि दोष शोधताना दोन गोष्टी एकदम बदलू नयेत हे मी नव्या लोकांना शिकवते!

सेशन संपल्यावर बाबा आले आणि चुलीपाशी, आईच्या बाजूला खाली बसले. त्यांना खाली बसणं जमत नाही, तरी बसले. मी बाहेर आले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आई आज सेशनला बसली नव्हती. बाबांनीच दारातून हात केला, ये. ती आली आणि पूर्ण वेळ तोंडाला पदर धरून बसली. दोनदा पदरामागून काहीतरी निघालंच, पण शब्द नव्हता. बाबा 'चष्मा' म्हणाले, 'माग' म्हणाले, आणि मावशीबद्दल विचारलं, "गु... गुडघा?" आईनं आधी मॅडमकडे पाहिलं, मग सांगितलं.

भुपेंद्रला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईंनी बरं केलं." मी म्हटलं, "लोकांना दुसऱ्याचं वाक्य तोडायची सवयच असते रे, म्हणजे बघ—" आणि मग त्याला सगळं पुन्हा समजावून सांगितलं. तो हसत होता. का ते नाही सांगितलं.

मॅडमचा संध्याकाळी फोन. लाखांदूरकडचे ते पेशंट अजून येत नाहीत. त्यांच्या बायकोशी शेवटी बोलणं झालं. दिघोरीचे टेकचंदभाऊ, शेतकरी. नाव-गाव तुम्हाला सांगायला त्यांच्या घरच्यांची हरकत नाही, मॅडम म्हणाल्या, मी विचारून घेतलंय. "मी बोलावून ते येणार नाहीत. भय्याजी एकदा भेटतील का त्यांना?"

बाबांना विचारलं. आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा म्हणाले, "जाऊ."

रविवार, ३० नोव्हेंबर

दिघोरीहून आत्ताच आलो. दिवे लागलेत. आई भात टाकतेय.

भुपेंद्र भावाची गाडी घेऊन तुमसरहून आला. मी म्हटलं होतं बसनं जाऊ, तर म्हणाला गाडी नुसती उभीच असते. बाबा पुढे, आई आणि मी मागे. वैनगंगेच्या पुलावर भुपेंद्र आरशातून बघत म्हणाला, "तृप्ती, मी काय म्हणून राहिलो होतो..." मी म्हटलं, "डिझेल ना? पुढच्या पंपावर भरू." आईनं माझ्या मांडीवर चापटी मारली. "त्याले बोलू दे ना वं!" तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "डिझेलच." मी आईकडे पाहिलं, तर तिनं कपाळाला हात लावला. डिझेल भरलं.

दिघोरीला कापणी होऊन धानाच्या बांध्या रिकाम्या झाल्यात, खळ्यावर कापलेल्या धानाचे उंच पुंजणे रचलेत. टेकचंदभाऊ अंगणात बाजेवर बसले होते, आम्हाला पाहून तोंड फिरवलं. बाबांपेक्षा लहान असतील. त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं. बाबा खुर्चीवर न बसता बाजेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

मी सत्यभामाबाईंना म्हटलं, आवाज उशिरा येत होता तो आमच्याकडचा दोष होता, आता नीट आहे.

"आवाजाचं नाही वं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तुले सांगू का... यायले धड शब्द येत नाही, पण शिवी सटकन निघते. मुद्दाम नाही. म्याडमनं बैलाचा फोटो दाखवला, अन् यायच्या तोंडातून निघून गेली एक. आमचा बैल तसाच होता, शिव्या खाणारा. अन् म्याडम गप! तशाच पाहत रायल्या. यायले वाटलं, बाईमाणसाले शिवी देली आपण. मोबाइल ठेवला अन् उठून गेले. तवापासून हात लावत नाहीत."

आमच्या सर्व्हरमधली ती शांतता, मी मोजलेली, आलेखात लाल रंगानं दाखवलेली. ती इथे या अंगणात अशी उतरली होती.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला, स्पीकरवर, आणि शिवीचं सांगितलं. मॅडम हसायला लागल्या. "अहो टेकचंदभाऊ, तुमचा तो पहिला स्पष्ट शब्द! मला इतका आनंद झाला, मी टाळ्या वाजवल्या. पोचल्या नाहीत का तुम्हाला?"

टेकचंदभाऊंनी मोबाइलकडे पाहिलं. मग आमच्याकडे. चेहऱ्यावर विश्वास नव्हता. ज्यांचे शब्द जातात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच असतं, मॅडमनी सत्यभामाबाईंना समजावलं, शिव्या आणि भजनं डोक्यात वेगळ्याच कप्प्यात राहतात, ती शाबूत असतात. टेकचंदभाऊ मान खालीच घालून.

तेव्हा बाबा सरसावून बसले. गळा साफ केला आणि एक शिवी दिली. कोणती ते इथे लिहीत नाही, आईच्या हाती ही वही लागायची. पण लांबलचक होती, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कुठेही अडली नाही.

"अवो!" आई किंचाळली.

टेकचंदभाऊंनी हळूहळू मान वर केली. बाबांकडे बघितलं. टेकचंदभाऊंचं तोंड एका बाजूला थोडं ओढलेलं आहे, त्याच बाजूनं हसू सुरू झालं आणि मग सगळं अंग हलायला लागलं. त्यांनीही एक दिली. बाबांनी दुसरी. सत्यभामाबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि आई म्हणत होती, "पाहा, पाहा, या वयात!" मोबाइलमधून मॅडमच्या टाळ्या ऐकू येत होत्या. लगेच.

मग ते दोघं तसेच बसून राहिले, खळ्याकडे बघत. मधेच बाबा म्हणाले, "धान." बराच वेळ गेला. टेकचंदभाऊंनी मान हलवली. भुपेंद्रही त्यांच्याजवळ जाऊन पायरीवर बसला होता, तिघंही गप्प, आणि कोणालाच कसली घाई नव्हती. मला त्यांच्यात काय चाललंय ते कळेना, पण उठवावंसंही वाटेना.

उन्हं उतरल्यावर मीच म्हटलं, निघायला हवं. भुपेंद्रनं जाऊन गाडी सुरू केली. आईनं बाबांना हात दिला, ते उभे राहिले. टेकचंदभाऊंनी बाबांच्या सदऱ्याची बाही धरली. ओठ हलायला लागले. सत्यभामाबाई पुढे झाल्या, म्हणायला लागल्या, "हे म्हणत आहेत का—" आणि आईनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

आम्ही थांबलो. बाहेर इंजिन चालू होतं, भुपेंद्रनं तेही बंद केलं.

"ब..." टेकचंदभाऊ म्हणाले. बाही सोडली नाही. "ब... बस."

बाबा बसले. मग आम्ही सगळेच पुन्हा बसलो.